पाठ झालेला तक्ता

ज्यांना नुकतंच कळलंय की आपली नजर जाणार आहे, त्यांच्यासाठी हे सांगतोय. सांगतोय असंच म्हणायला हवं, कारण लिहून घेतेय माझी मुलगी अश्विनी. मध्येच ती थांबते आणि ‘बाबा, हे नको ना’ म्हणते. तिथे मी मुद्दाम जास्त सांगतो.

घाटकोपर पूर्वेला माझं चष्म्याचं छोटं दुकान होतं. मी डॉक्टर नव्हे. नंबर काढायचा, फ्रेम दाखवायची, काच घासून बसवायची, एवढं माझं काम. पण आसपासच्या गल्ल्यांत कुणाच्या डोळ्याला काही झालं की लोक आधी माझ्याकडे यायचे. कुणी रांजणवाडी दाखवायचं, कुणी पेपरात आलेली गाजराच्या रसाची बातमी. मी सगळ्यावर मत द्यायचो. मत द्यायला मला भारी आवडायचं. गाजराच्या रसानं चष्मा सुटत नाही हे सांगताना तर मला चेवच चढायचा.

स्टूल

कॉलनीत रंगीत टीव्ही नुकते यायला लागले होते, ती वर्षं. संध्याकाळ झाली की मी स्टुलाला अडखळायचो, बादलीला लाथ मारायचो. सुलभा म्हणायची, “समोर बघून चालता येत नाही का हो?” मी म्हणायचो, “स्टूल ठेवायची ही जागा आहे का?”

डोळ्यांची शंका मला आली नाही, कारण मी ते रोज तपासत होतो. सकाळी शटर वर केलं की दिवा लावायचा, खुणेच्या फरशीवर उभं राहायचं, एक डोळा झाकून भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायची. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ झकास वाचता येत होती. म्हणजे डोळे ठणठणीत, आणि चूक स्टुलाची.

मग एका संध्याकाळी अश्विनी उंबऱ्यात बसून सागरगोटे खेळत होती. मी बाहेरून आलो आणि सरळ तिच्यावर पडलो. तिच्या हनुवटीला टाके पडले. पोरगी मला दिसलीच नव्हती. उंबराही दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा पर्स घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, “चला हॉस्पिटलात.”

तो व्रण अजून आहे म्हणे. मला दिसत नाही.

वाचा

मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा डोळ्यांचा विभाग. डॉक्टर कामत नावाच्या बाई होत्या. बारीक अंगाच्या आणि घाईच्या, केसपेपरवरून मान वर न करता बोलणाऱ्या.

“वाचा.”

पहिल्या ओळी मी धडाधड वाचल्या. मग अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. मी थांबलो. धंद्यातला माणूस म्हणून मी त्यांना सांगितलं, “मॅडम, तक्ता जुना झालाय. शाई उडालीय.”

“गेल्याच महिन्यात लावलाय.”

“माझ्या दुकानात मी शेवटची ओळ वाचतो. रोज वाचतो.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “दुकानातला तक्ता किती जुना आहे?”

“दुकान उघडल्यापासून तोच.”

“मग तुम्ही तो वाचत नाही. म्हणून दाखवता.”

एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांना त्या तक्त्यासमोर बसवत होतो. ती अक्षरं मला शाळेतल्या प्रार्थनेसारखी पाठ होती. झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. ही चूक करायला चष्मेवालाच असावं लागतं. बाकी कुणाला ती जमलीच नसती.

मग एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बझर दाबायचा. मी बझर हातात धरून बसलो आणि ठिपका यायची वाट बघत राहिलो. मधूनमधून अगदी समोर एखादा यायचा, तेवढा दाबायचो. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, “झालं.” मला वाटलं होतं अजून नीट सुरूच व्हायचंय.

नजरेचा घेर कडेकडून मिटत आला होता. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू वाळतोय, जन्मापासूनचं आहे, आधी रातांधळेपणा आणि मग असं, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मधलं भोक तेवढं राहिलं होतं, आणि आता तेही धुरकट व्हायला लागलं होतं.

“औषध?” मी विचारलं.

“आज तरी नाही.”

“ऑपरेशन?”

“नाही.”

सुलभा म्हणाली, “मग चष्म्याचा नंबर वाढवून?” आणि तिनं माझ्याकडे बघितलं, कारण चष्म्यातलं मला कळतं अशी तिची समजूत होती.

बाईंनी विचारलं, “आईवडील नात्यातले होते का?” होते. वडिलांनी मामाचीच मुलगी केली होती, आमच्याकडे ती पद्धतच. नात्यातल्या लग्नात हे जास्त दिसतं, असं त्या म्हणाल्या. आई तेव्हा गावाला होती. तिला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाकडं

या आजाराला खाट नसते. ताप नाही, दुखत नाही, कुणी मोसंबी घेऊन भेटायला येत नाही. असतात त्या फक्त तपासण्या, आणि त्यांच्यासाठी बाकड्यावर बसून राहणं. मावशी येते, “मान वर” म्हणते, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालते आणि पुढच्याकडे जाते. तासाभरात सगळं बाकडं आंधळं होतं. कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नाही. मला ते आवडायचं. तेवढा वेळ मी बाकीच्यांसारखा असायचो.

तिथेच परब भेटले. मालवणकडचे, गिरणीत होते. संपात नोकरी गेली, आता भटवाडीत एका गोदामावर दिवसपाळीचे वॉचमन. आजार माझाच, हातात काठी.

“तुमका काय म्हणाली?” त्यांनी अंधारात विचारावं तसं विचारलं.

“औषध नाही म्हणाल्या.”

“माकाय तसाच सांगितल्यान.” मग म्हणाले, “पण खंय तरी आसतलाच. जगात इतके शिकलेले लोक आसत. एकाक तरी गावला आसतला.”

मलाही तेच वाटत होतं. मी फक्त ते शुद्ध भाषेत मनात म्हणत होतो.

शोधाशोध

घरात मग कात्रणं जमायला लागली. रविवारच्या पुरवणीतली, दिवाळी अंकातली, कुणाच्या अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेली. मधमाशीचा दंश, बकरीचं काळीज, सूर्याकडे टक लावून बघणं. गाजराचा रसही आला. सुलभानं तो महिनाभर दिला आणि मी निमूट प्यायलो.

माझा मोठा भाऊ, दादा, मुलुंडला राहायचा आणि सरकारी ऑफिसात होता. तो म्हणाला, “पेपरातलं सोड रे. डॉक्टर लोक स्वतः काय वाचतात ते बघू या ना.” डॉक्टर कामतांनी चिठ्ठी दिली, त्यावर एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत शिरायला मिळालं. तिथे विटेएवढे जाड सूचीचे ग्रंथ होते. आजाराचं नाव शोधायचं, त्याखाली जगभरातल्या लेखांची यादी, त्यातलं मासिक इथे असलं तर नशीब. अक्षर मुंगीएवढं. ज्या डोळ्यांसाठी शोधायचं, त्याच डोळ्यांनी ते वाचायचं होतं. मला काय दिसणार! मी दादाच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचो आणि तो वाचायचा.

दादाचं इंग्रजी ‘सदर अर्जाच्या संदर्भात’ या जातीचं. लॅटिन शब्द आला की तो उंबरठ्यावरच अडायचा. पण बिचारा वाचायचा. एका लेखाच्या शेवटी त्याचा आवाज एकदम भरभर झाला आणि मग थांबला.

“शेवटचं वाच ना.”

“संपलं रे. पुढे नुसती नावं आहेत.”

“दादा, वाच.”

त्यानं वाचलं. आजवर केलेल्या कुठल्याही उपायाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, अशा अर्थाचं होतं. मला त्याचा राग आला नाही. पण त्या दिवसापासून तो वाचायला लागला की मी शब्द ऐकायचो थोडे, आणि तो कुठे गाळतोय ते जास्त. स्वतः वाचता न येणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. समोरचा प्रेमानं जेवढं देईल तेवढंच आपल्याला मिळतं.

दोन ओळी

आणि मग दादाला हवं ते सापडलं. परराज्यातलं एक केंद्र, तिथे डोळ्यामागे इंजेक्शनं देत. त्यांच्या मोठ्या डॉक्टरांचा छापील लेख, झेरॉक्स काढलेला. बहुतेक पेशंटची नजर दोन ओळींनी वाढली, असं त्यात म्हटलं होतं.

दोन ओळी! बाहेरच्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही. मला माहीत होतं दोन ओळी म्हणजे काय. दोन ओळींत माणूस बसची पाटी वाचतो. दोन ओळींत मुलीचा चेहरा दाराशी आल्याआल्या ओळखू येतो. मी दादाला तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायला लावला. सुलभानं शिरा केला. “पैशाचं मी बघतो, तू फक्त बॅग भर,” दादा म्हणाला आणि त्यानं तिकिटंही काढून आणली. इतकं हसणं आमच्या घरात कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

जायच्या आधी मी डॉक्टर कामतांकडे झेरॉक्स घेऊन गेलो. खरं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो. त्यांनी उभ्या उभ्या सगळा वाचला.

“इंजेक्शन न घेतलेल्यांचं तेवढ्याच दिवसांत काय झालं, ते कुठे दिलंय?”

दिलं नव्हतं.

“नजरेचा घेर मोजलाय? हा आजार तर घेराचा आहे.”

त्याचं नावही नव्हतं.

“बरं, ओळी कुणी मोजल्या?”

“तिथल्याच डॉक्टरांनी,” मी म्हणालो. “लिहिलंय ना, इंजेक्शनाआधी रोज, तिथल्या तक्त्यावर...”

आणि बोलता बोलता माझं माझ्याच लक्षात आलं. रोज, तोच तक्ता. आणि समोर आशा लावून बसलेला माणूस, ज्याला ती ओळ वाचायचीच आहे. तो काही लबाडी करत नाही. मी तरी कुठे करत होतो? असल्या दोन ओळी मी रोज सकाळी दुकान उघडताना वाढवून घेत होतो.

बाईंना ते दिसलं असावं.

“लागू पडत नाही असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “लागू पडतं असं या कागदावरून कळत नाही, एवढंच. आणि सुई डोळ्यामागे जाणार आहे, दंडात नाही. उरलंय तेही जाऊ शकतं.”

“मग जाऊ नका, असं तरी सांगा ना मला.”

“ते मला सांगता येत नाही हो. मला माहीत नाही.”

इतक्या शिकलेल्या बाई, आणि ‘माहीत नाही’ म्हणाल्या. आज मला त्याची किंमत कळते. तेव्हा मला त्यांच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

घर

मी जात नाही म्हटल्यावर घरात आगच लागली.

“तू काय मोठा सायंटिस्ट लागून गेलास रे?” दादा ओरडला. “तक्ता पाठ होतो, मान्य. पण सगळ्यांना? सगळे काय चष्मेवाले आहेत?”

होतील पाठ सगळ्यांना, किंवा नाहीही होणार. मला कसं कळावं?

सुलभा ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “आणि लागू पडत असेल तर?”

लोकांना वाटतं, खरं-खोटं तपासायला शिकलं की माणूस शहाणा होतो, त्याच्या पायाखाली जमीन येते. माझ्या पायाखालची होती तीही गेली. आधी निदान विश्वास तरी ठेवता येत होता. आता ठेवताही येईना आणि टाकताही येईना. रात्र रात्र मी छताकडे बघत पडायचो, आणि छत दिसत नव्हतं. आपण शहाणपणानं थांबलोय की सुईला घाबरून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

तिकिटं परत केली. दादा मुलुंडहून यायचा तो यायचा बंद झाला. त्या काळात एकच सुख होतं. अश्विनी संध्याकाळी दुकानातून मला घरी न्यायला यायची आणि वाटेत प्रत्येक पायरीला “खाली”, “वर” म्हणायची, अगदी बसच्या कंडक्टरच्या तोऱ्यात. ती एकटीच माझ्यावर रागावली नव्हती.

परब मात्र त्या केंद्रात गेले. दादाचीही त्यांच्याशी बाकड्यावर ओळख झाली होती, त्यानंच पत्ता दिला. मी त्यांना दुकानात बोलावून सगळं समजावलं, न घेतलेल्यांचं काय, घेराचं काय, तपासलं कुणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचा बरोबर आसतला,” ते म्हणाले. “पण तुमका दुकान आसा. माका काय आसा? वॉचमनाक दिसाक नको?”

मग मी एकच केलं. जायच्या आधी त्यांची नजर नीट तपासून ठेवली. तक्त्यावर नाही, हातात धरायच्या कार्डांवर. एकेका कार्डावर एकच इंग्रजी ई, मोठा, मधला, बारीक. कार्ड कसंही फिरवायचं आणि ईची बोटं, म्हणजे त्याच्या तीन रेघा, कुठे वळलीत ते समोरच्यानं सांगायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यात पाठ करायला काही नसतं. मला स्वतःला ई धड दिसत नसे, म्हणून ईची बोटं ज्या बाजूला, त्या बाजूच्या कडेला मी खाच कातरून ठेवली होती. अंगठ्याला कळायचं. परबांना तेव्हा मधला ई दर वेळी बरोबर ओळखता आला.

विचारतात म्हणून

आता लोक मला विचारतात, अमुक ठिकाणी तमुक उपाय निघालाय, जाऊ का? मी जा म्हणत नाही आणि जाऊ नकाही म्हणत नाही. मी विचारतो, उपाय न केलेल्यांचं काय झालं ते सांगितलंय का? तपासणारा आणि औषध देणारा एकच आहे का? बरं न झालेले पेशंट कुठे गेले, त्यांच्याबद्दल चकार शब्द आहे का? आणि जो कागद वाचून दाखवतोय, त्याला सांगा, तुझ्या गळ्याची शपथ, काही गाळू नकोस.

हे विचारल्यानं दिसायला लागत नाही. घरचे दुखावतात, ते वेगळंच. मला हे लपवायचं नाहीये.

परब आले

परब परत आले ते काठी न घेता. सकाळची वेळ, दुकानात भरपूर उजेड. सुलभा तेव्हा गल्ल्यावर बसायला लागली होती, कारण मला नोटा ओळखायला वेळ लागायचा.

“माका दिसाक लागला, मालक!” ते दारातूनच म्हणाले. “थंयच्या तक्त्यावर मी खालची वळ वाचलंय!”

सुलभा उठून उभी राहिली. माझ्याशी गेले कित्येक दिवस ती कामापुरतंच बोलत होती. आता तिचा श्वास मला ऐकू येत होता. परबांना खरंच दिसत असेल, तर मी माझे डोळे स्वतःच्या हातानं घालवले होते. आणि तरीही, देवाशपथ सांगतो, मला तेच हवं होतं. मला चुकायचं होतं. दादानं चारचौघांत माझी अक्कल काढावी, मी नाक घासून माफी मागावी, आणि उद्याचीच गाडी पकडावी.

“बसा,” मी म्हणालो. “बघू या.”

मोठा ई त्यांनी लगेच सांगितला. मग मी मधलं कार्ड घेतलं, जायच्या आधी त्यांना दर वेळी ओळखता आलेलं.

“वर,” परब म्हणाले. बरोबर होतं.

मी कार्ड फिरवलं.

“उजवीकडे.”

अंगठ्याखाली कातरलेली खाच त्यांच्या डावीकडे होती.

मी पुन्हा फिरवलं. “खाली,” परब खणखणीत आवाजात म्हणाले. खाच वर होती.

सुलभा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी होती. तिला कार्ड स्वच्छ दिसत होतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, एका सकाळवरून तर नाहीच, हे सगळं मला माहीत होतं. तिला ते माहीत नव्हतं, आणि तिनं काय पाहिलं ते तिच्या हुंदक्यावरून मला कळलं. तिनं तो खोकल्यात लपवला.

“वाढली ना?” परबांनी विचारलं. “सांगा ना, मालक. दोन वळी तरी?”

सुलभा म्हणाली, “अहो, तुमचा हात हलत होता. परत धरा ना नीट.”

माझा हात हलला नव्हता. उभ्या आयुष्यात तपासताना माझा हात कधी हलला नाही.

“हो परब,” मी म्हणालो, “माझाच हात हलला.” आणि दोन्ही हातांनी कार्ड पुन्हा वर धरलं.